साडू, अनारसे आणि बंद फ्रिज

माझ्या साडूइतका निरुपद्रवी माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही, आणि या निरुपद्रवी माणसाने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं आजवर कुठल्या शत्रूनेही केलेलं नाही. तो कुणाला टाकून बोलत नाही, कुणाची उणीदुणी काढत नाही, दुसऱ्याच्या गेटसमोर गाडी लावत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला हाक मारून दुसऱ्यांदा जिलबी मागत नाही. अशा माणसावर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम असतं हो. हाताला काही लागतच नाही. तरीही मी ते काम इतकी वर्षं नेटाने करत आलोय, याचं थोडं तरी श्रेय मला कुणीतरी द्यायला हवं. भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण निवडतो; साडू मात्र मेव्हणी निवडते, आणि त्याच्याशी होणारी तुलना आपण आयुष्यभर भोगतो. "अरे, तू त्याच्यावर जळतोस," असं माझी बायको अधूनमधून म्हणते. मी "छे, काहीतरीच काय!" म्हणतो. तुम्हाला म्हणून सांगतो, जळतो. चांगला धडधडून जळतो.

आता त्याचा उद्योग ऐका. मी मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. माझ्या सहीशिवाय तिथून एक पिंप बाहेर पडत नाही. माझ्या नजरेखालून टँकरच्या टँकर जातात. आणि हा मुंबईतल्या एका संस्थेत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं संशोधन करतो. म्हणजे काय करतो, तर एका वेळी एक रेणू बघतो. एक! तोही दिसत नाहीच. एका पातळ पडद्याला याने म्हणे इतकं बारीक छिद्र ठेवलेलं असतं की त्यातून प्रथिनाचा एकच धागा जेमतेम जाईल. त्याला नॅनोपोअर म्हणतात. तो धागा छिद्रातून जाताना याच्या यंत्रावर एक रेघ वरखाली होते, आणि ती रेघ बघून हा ठरवतो की आत्ता कोण गेलं. आमच्या सोसायटीतला वॉचमनही तेच करतो, पण त्याला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. माझ्या सासुरवाडीत मात्र "आमचे शास्त्रज्ञ जावई" म्हटलं की तो, आणि "आमचे मोठे जावई" म्हटलं की मी. मोठे म्हणजे फक्त वयाने, हे सांगायला नको.

माझं दुखणं समजायचं असेल तर आधीचं वैभव सांगायला हवं. माझी सासुरवाडी ठाण्याला कोपरीत. मेव्हणी शेंडेफळ, माझ्या लग्नात ती परकर-पोलक्यात मिरवत होती, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं त्या घरात जावई म्हणून मी एकटा. दर रविवारी सकाळी मी डोंबिवलीहून कोपरीला जायचो. खिडकीपाशी दोन वेताच्या खुर्च्या. एक अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि एक माझी. अण्णा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट केमिस्ट होते, मीही केमिस्ट. त्यामुळे आमचं दोघांचं एक वेगळंच गोत्र जमलेलं. अग्रलेख वाचायचा, त्यावर कडाकडा भांडायचं, सासूबाईंनी "अहो, शेजारी ऐकतायत" म्हणेपर्यंत आवाज चढवायचा आणि मग चहा पिऊन कारखान्याच्या गोष्टी. मला माझे वडील फारसे आठवत नाहीत. ते लवकर गेले. त्यामुळे त्या खुर्चीत बसलं की मला जे काही वाटायचं ते मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. अण्णा माझे होते, एवढंच सांगतो. साडू आला आणि तिथेच घोळ झाला.

तो पहिल्यांदा कोपरीला आला तेव्हा सरळ येऊन माझ्याच खुर्चीत बसला. मुद्दाम नाही, मुद्दाम काही करायची अक्कल त्याला नाहीच. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी मनगटाशी बटण लावलेली, खिशात तीन पेनं आणि एक चमचा. चमचा कशाला, हे त्यालाही आठवेना. सासूबाईंनी पोहे पुढे केले. मेव्हणी लाजून दारात उभी. घरातले सगळे त्याचा पगार-घर-गाव काढायच्या तयारीत, आणि हा मान कलती करून वर बघत राहिला. अण्णांना वाटलं, छताला पोपडे आलेत ते बघतोय. ते ओशाळले. तेवढ्यात हा म्हणाला, "काका, तुमच्या ट्यूबलाईटचा चोक गुणगुणतोय. आणि आत फ्रिज पण. दोघांचा सूर एक नाही, त्यामुळे डोकं दुखत असेल ना दुपारचं?" सासूबाई ताडकन म्हणाल्या, "अगोबाई! माझं दुखतं!" झालं. लग्न तिथेच ठरलं. मी त्या घरात बारा महिने तेरा काळ भाज्यांच्या पिशव्या वाहिल्या तरी सासूबाई मला अजून "अहो जावईबापू" म्हणतात. याला साखरपुड्याच्या आतच "अरे बाळा" सुरू झालं होतं.

आवाज हा त्याचा शत्रू. त्याच्या त्या छिद्रातून वाहणारी वीज इतकी नाममात्र असते म्हणे, की भिंतीतल्या तारांची गुणगुणसुद्धा तिला बुडवून टाकते. म्हणून ते सगळं प्रकरण तो पत्र्याच्या पेटीत कोंडून ठेवतो, आणि पेटी अशा टेबलावर ठेवतो की शेजारून कुणी चाललं तरी हलू नये. हे प्रयोगशाळेत ठीक आहे. पण हा माणूस घरी येतानाही ती पेटी डोक्यात घालून येतो. कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी उठून पंखा बंद करणार, टीव्ही बंद करणार, फ्रिजचं बटण बंद करणार, आणि मग समोर बसून "हां, बोला" म्हणणार. समोरच्याला वाटतं, आता आपल्याला काहीतरी भयंकर सांगावं लागणार. एकदा चतुर्थीला मेव्हणीच्या बदलीबद्दल सासूबाईंशी बोलायला म्हणून त्याने असाच फ्रिज बंद केला आणि परत चालू करायचा विसरला. उकाड्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी पातेलंभर बासुंदी नासली, विरजण आंबून गेलं, कोथिंबिरीचा लगदा झाला. हे माझ्या हातून झालं असतं तर मोहने, कोपरी आणि डोंबिवलीच्या नातेवाइकांत वर्षभर माझी कथा चालली असती. सासूबाई काय म्हणाल्या? पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "बोलला किती शांतपणे पण! बासुंदी काय, परत होईल." मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "गेल्या दिवाळीत माझ्याकडून चिवड्यात मीठ जास्त पडलं तर आई किती बोलल्या, आठवतंय?" बायको म्हणाली, "अरे, तो चिवडा गाईनेसुद्धा खाल्ला नव्हता."

पण सासूबाई गेल्या त्याच्या बाजूला तरी माझं फार बिघडलं नव्हतं. बिघडलं ते अण्णाही तिकडे गेले तेव्हा. त्याचं असं झालं की एका रविवारी अण्णांनी कारखान्याची तीच गोष्ट काढली, जी मी डोळे मिटून म्हणून दाखवू शकेन. रेयॉनचा धागा कसा निघतो, तर लाकडाच्या लगद्याचा तो घट्ट पाक बारीक बारीक भोकांच्या चकतीतून दाबायचा, आणि पलीकडे धागे येतात, शेवेच्या सोऱ्यासारखं. मी सवयीने "हो ना, अण्णा" म्हणालो आणि पेपरचं पान उलटलं. साडू मात्र खुर्चीच्या टोकाशी आला. (माझ्या खुर्चीच्या. मी तेव्हा स्टुलावर.) "भोक तुंबलं तर?" त्याने विचारलं. अण्णांचे डोळे असे लकाकले, की इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच अग्रलेखावर लकाकले नव्हते. मग जे सुरू झालं ते जेवणाची ताटं मांडून गार होईपर्यंत. अण्णांच्या चकतीतून धागा बाहेर यायचा, याच्या पडद्यात धागा आत जायचा. अण्णांची भोकं तुंबायची, याचंही तुंबतं. अण्णांचा पाक गुठळी धरायचा, याचं प्रथिनही गुंडाळी करून बसतं, आधी उलगडून सरळ करावं लागतं. "म्हणजे तू आमचाच धंदा उलटा चालवतोस की रे!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. मी आपला कोशिंबिरीत चमचा फिरवत बसलेलो. माझा रंग कुठल्याच भोकातून जात नाही, त्याला मी काय करणार?

पुढे त्याने अण्णांना आणि मला त्याची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. गाडी अर्थात माझी. मी मनातून खूश होतो, म्हटलं, आता या शास्त्रज्ञाचं पितळ उघडं पडणार. तिथे गेलो तर ती पत्र्याची पेटी आणि समोर संगणकाचा एक स्क्रीन. त्याने आम्हाला चपला काढून उभं केलं आणि "हलू नका" म्हणाला. देवळातसुद्धा आम्ही इतके स्तब्ध उभे राहिलो नव्हतो. स्क्रीनवर एक रेघ सरळ चाललेली. चालली, चालली. मध्येच जराशी खाली बुडून परत वर आली. "गेला," साडू हळूच म्हणाला. अण्णांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या आणि त्या धक्क्याने की कशाने कोण जाणे, रेघ एकदम आडवी-तिडवी उधळली. "पडदा फुटला," साडू म्हणाला, आपण "दूध उतू गेलं" म्हणतो त्याहूनही शांतपणे, आणि नवा पडदा बसवायला लागला. अण्णा ओशाळून माफी मागायला लागले तर म्हणाला, "अण्णा, हा रोजच फुटतो. आज निदान टाळ्यांनी फुटला." मी विचारलं, "कशासाठी रे हा सगळा खटाटोप?" तर त्याने नीट सांगितलं. प्रथिन म्हणजे वीस जातींच्या मण्यांची माळ. ती कुठल्या क्रमाने ओवलीय ते थेट वाचता आलं, तर उद्या रक्ताच्या एका थेंबात बिघडलेली माळ सापडेल, आजार दिसायच्या आधी. "मग अडलंय कुठे?" "माळ सुळकन निघून जाते, दादा. म्हणून तिला एका दुसऱ्या प्रथिनाकडून हळूहळू ओढून घ्यायची. तरी एकदा वाचून भरवसा नाही. पुसटच दिसतं. मग तीच माळ मागे घ्यायची, परत वाचायची. परत मागे, परत पुढे. असं करत करत पुसट असतं ते ठळक होत जातं." "आणि झालं का ठळक?" मी जरा आशेने विचारलं. "अजून कुठे? मधले मधले मणी कळतात," तो हसून म्हणाला. खरं सांगतो, मला त्याच्या पदवीचा, छिद्राचा, कशाचा इतका हेवा वाटला नाही जितका त्या हसण्याचा वाटला. माझ्याकडे एक बॅच नापास झाली की मी पित्ताची गोळी घेतो. हा वर्षानुवर्षं नापास होत होता आणि रात्री गाढ झोपत होता.

आणि मग अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती व्यायामाने थोडी थोडी परतली, पण वाचा गेली ती धड परतलीच नाही. शब्द यायचे, पण एकमेकांत कालवून आल्यासारखे. त्यातून एकही निवडून घेता यायचा नाही. आत सगळं शाबूत होतं. ते डोळ्यांत दिसायचं आणि तेच बघवायचं नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी बजावून सांगितलं होतं, "त्यांना बोलतं ठेवा. एकदा का त्यांनी प्रयत्न सोडला, की आहे तेवढंही राहणार नाही." हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी साडूला जरा फाडकन विचारलं, "काय रे, तुझं ते छिद्र अण्णांच्या कामाला आलं असतं का? आधी कळलं असतं का?" तो मग म्हणाला, "नाही दादा. अजून खूप वर्षं आहेत त्याला." तेवढं म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्या दिवशी मी त्याच्यावर जळायची रजा घेतली. एकच दिवस.

कारण अण्णा घरी आले आणि मी जोमाने कामाला लागलो. अण्णा काय म्हणतायत हे ओळखण्यात माझा हात कोण धरणार? इतक्या रविवारांची माझी कमाई होती. त्यांनी तोंड उघडायचा अवकाश, मी "पाणी!" म्हणायचो. पाणी नसलं तर "उशी!" उशी नसली तर "पेपर!" सासूबाई, बायको, मेव्हणी, सगळ्याच ओरडून आपापला अंदाज सांगायच्या; ते घर म्हणजे भेंड्यांचा खेळ झालेला. अण्णा एका अक्षरावर असायचे तोवर आम्ही त्यांचं वाक्य पुरं करून मोकळे. एका रविवारी ते डावा हात भिंतीकडे करून काहीतरी परत परत सांगत होते. भिंतीवर पंख्याचा रेग्युलेटर. मी पंखा वाढवला. त्यांनी नकाराची मान हलवली. कमी केला. मान हलवली. बंद केला, तर त्यांनी पुढ्यातली वाटी ढकलून दिली, पेज माझ्या पँटवर, आणि डोळे मिटून घेतले. त्या वेळी साडू आला. त्याने पँट पाहिली, अण्णांना पाहिलं, आणि एकेक करत सगळं बंद केलं. टीव्ही, मिक्सर, फ्रिज. माझ्या बायकोचा मोबाइलही काढून घेऊन डाळीच्या डब्यात ठेवला. मग अण्णांच्या समोर स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि म्हणाला, "परत सांगा, अण्णा. घाई नाही."

अण्णांनी सांगितलं. काही कळलं नाही. "परत सांगा. घाई नाही." परत सांगितलं. मी मागून "अरे, ते खिडकी म्हणतायत" म्हणालो, तर त्याने माझ्याकडे न बघता नुसता तळहात वर केला. ट्रॅफिक हवालदार ट्रकला करतो तसा. अपमान, सरळ सरळ अपमान! पण तो पुढे मागे, पुढे मागे करत राहिला. कळलं तेवढंच स्वतः उच्चारून दाखवायचा, अण्णा मान डोलवायचे, की परत पहिल्यापासून. अंदाज म्हणून एकही केला नाही. आणि हळूहळू ते वाक्य उलगडत गेलं. रेग्युलेटरच्या खाली कॅलेंडर होतं. त्यावर मागचाच महिना लटकत होता. कुणी पान उलटलं नव्हतं. अण्णा सांगत होते, पान उलटा, अधिक महिना लागला असेल, दोन्ही जावयांना वाणाला बोलवायचं राहील. इतका वेळ ते हेच सांगत होते. मी पंखा कमीजास्त करत होतो, आणि ते माझंच जेवण ठरवत होते! सासूबाई रडायला लागल्या. अण्णांनी साडूच्या दुमडलेल्या बाहीवर डावा हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी पँट धुवायला मोरीत गेलो. तिथे बराच वेळ नळ सोडून उभा होतो, पेज काही एवढी सांडली नव्हती.

अधिकाचं जेवण झालं. दर तीन वर्षांनी येणारा हा सण म्हणजे खास जावयांचा. पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि ताम्हणात दिवा लावून जावयाला जाळीदार वस्तूंचं वाण. म्हणून अनारसे. आधीच्या सगळ्या अधिकांत ते ताम्हण माझ्या एकट्याचं होतं. या वेळी दोन पाट, दोन ताम्हणं. मी गुपचूप दोन्हींतले अनारसे ताडून पाहिले. माझ्या ताम्हणात एक-दोन तुपात हसलेले, कडा फुटलेले होते, त्याच्यातला एकेक कसा तबकडीसारखा गोल. आता हे चुकून झालं असेल असं तुम्ही म्हणाल. म्हणा. साडूने काय करावं? सासूबाई ओवाळत असताना याने अनारसा उचलून ट्यूबलाईटसमोर धरला आणि एक डोळा मिटून जाळीतून बघायला लागला. "आई, ही भोकं इतकी एकसारखी कशी पडतात हो? आम्हाला जमत नाही." सासूबाई ओवाळायचं थांबून त्याला तांदूळ किती दिवस भिजवायचे ते सांगायला लागल्या, दिवा तसाच हातात. अण्णा खुर्चीत बसून हसत होते. झटक्यानंतर त्यांना मी प्रथमच आवाज करून हसताना पाहिलं. मी माझा फुटका अनारसा खाल्ला. छान होता, खोटं कशाला बोलू.

त्याच पंगतीत त्याने सांगितलं की तो चाललाय. परदेशात कुठेसं त्याच्याच विषयावर मोठं काम चाललंय, तिथल्या लोकांनी बोलावलंय, मेव्हणीही बरोबर. दोनेक वर्षं तरी. माझ्या मनात ढोल-ताशे वाजले. चेहऱ्यावर मात्र मी "अरे वा, आणि इथलं सगळं?" अशी जबाबदार काळजी आणली. निघायच्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "दादा, अण्णांशी बोलताना पंखा बंद करत जा. आणि अंदाज नका करू." मोठा आला शिकवायला! मी म्हटलं, "तू जा रे निर्धास्त. मी त्यांना तुझ्या आधीपासून ओळखतो."

पुढच्या रविवारी मी कोपरीला गेलो तेव्हा दोन्ही खुर्च्या खिडकीपाशी, आणि माझी रिकामी. मी ऐसपैस बसलो. अग्रलेख मोठ्याने वाचला, दोन्ही बाजूंनी मीच भांडलो. अण्णांनी एकदा काहीतरी म्हटलं, मी "हो ना, अण्णा" म्हणून पान उलटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग त्यांनी म्हणायचंच सोडलं. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघायचे. दार वाजलं की दाराकडे बघायचे, मग परत खिडकीबाहेर. महिना उलटला की सासूबाई आठवणीने पान उलटत होत्या, त्यामुळे तीही तक्रार उरली नाही. बायको एकदा परतताना गाडीत म्हणाली, "बाबा आज एक शब्द बोलले नाहीत. तुझ्या लक्षात आलं का?" आलं होतं. थेरपिस्ट बाईंचं वाक्यही लक्षात होतं. मानपाड्याचा सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी काढली नाही, मागून हॉर्न वाजायला लागले. मला आयुष्यात पाहिजे ते मिळालं होतं. खुर्ची मिळाली होती, अण्णा मिळाले होते, साडू हजारो मैल लांब होता. आणि अण्णा माझ्या देखत, माझ्या शेजारी बसून, मुके होत चालले होते.

त्यानंतरच्या रविवारी मी पेपर नेलाच नाही. टीव्ही बंद केला, पंखा बंद केला. आत जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं. सासूबाई बघत होत्या. थोड्या वेळाने परातीत पाणी ओतून दुधाचं पातेलं त्यात ठेवल्याचा आवाज तेवढा आला. त्यांना अनुभव होता. मी स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलो. इतक्या वर्षांत मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो, समोर कधी बसलो नव्हतो. घामाच्या धारा लागलेल्या. "बोला, अण्णा," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले, विश्वास न बसल्यासारखे. मग ओठ हलले. काही कळलं नाही. जिभेवर "पाणी" आलेलं मी गिळलं. "परत सांगा." परत सांगितलं. मध्ये कुठेतरी 'कधी' होतं असं वाटलं. मी "कधी?" म्हणून दाखवलं. त्यांनी जोरात मान डोलावली. परत पहिल्यापासून. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, खाली कुणीतरी भंगारवाल्याला हाका मारत होतं, तो आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो आणि परत सुरू केलं. मग एकदम, पुसट काच कुणीतरी फडक्याने पुसावी तसं, ते अख्खं वाक्य माझ्यापर्यंत आलं.

"तो कधी येणार रे?"

बघा. माझ्या मेहनतीने, माझ्या घामाने, माझ्या हक्काच्या सासऱ्यांच्या तोंडून मी काढलेलं पहिलं वाक्य, आणि त्यातही तोच. जळलो. खोटं नाही सांगत, तिथे स्टुलावर बसल्या बसल्या जळलो. पण त्या जळण्यात पहिल्यासारखी मजा काही आली नाही, कारण मी आत शोधलं तर माझ्याकडेही कित्येक रविवारांपासून नेमका तोच प्रश्न पडून होता, आणि तो विचारायला मला कुणी भेटलं नव्हतं. एक बाही दुमडलेला, खिशात चमचा घेऊन हिंडणारा तो माणूस आत्ता कुठल्यातरी थंड गावात पत्र्याच्या पेटीसमोर बसला असेल, कुणाला हलू देत नसेल, आणि पडदा फुटला की हसत असेल.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. कळलं की नाही, हे विचारत होते. मला कळलं होतं, अगदी शब्द न् शब्द कळला होता. तरी मी स्टूल थोडं आणखी पुढे ओढलं आणि म्हणालो, "परत सांगा, अण्णा. घाई नाही."